परक्या नगरीतील पहिले दिवस

गेल्या आषाढात आमचा एक माजी विद्यार्थी आम्हांस भेटावयास आला. घर नरसी नामदेव येथील, वडील शेतकरी, मुलगा हुशार परंतु अबोल. उच्च शिक्षणाकरिता त्यास परदेशातील एका विद्यापीठात प्रवेश मिळाला होता व आठच दिवसांनी त्याचे विमान होते. त्याच्याबरोबर वडील आले होते आणि आजीही आली होती. आजीच्या मांडीवर एक गाठोडे होते. त्यात धपाटे, शेंगदाण्याची चटणी व नामदेवांच्या मंदिरातील बुक्क्याची पुडी असल्याचे तिने आम्हांस मोठ्या भक्तिभावाने दाखविले. धपाटे विमानातून नेऊ देतील किंवा नाही, याविषयी बापलेकांत हलकासा वाद चालला होता. मुलाने फी, शिष्यवृत्ती, व्हिसा इत्यादी गोष्टींची हकीकत तपशीलवार सांगितली. वडिलांनी ती सर्व शांतपणे ऐकून घेतली आणि मग एकच प्रश्न विचारला, "गुरुजी, ते सगळं ठीक हाय, पण पोरगं पयले आठ दिवस झोपंल कुठं अन् खाईल काय?"

आम्ही त्या वेळी काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. ते उत्तर पुरेसे नव्हते हे आमचे आम्हांस ठाऊक होते. परदेशगमनाचा विषय निघाला की आपण सर्वजण पदवीविषयी बोलतो. निजण्याविषयी व खाण्याविषयी बोलणे आपल्यास कमीपणाचे वाटते. त्या शेतकऱ्यास तसे वाटले नाही. त्याच्या प्रश्नाचे उत्तर शोधावे म्हणून आम्ही पूर्वी परदेशी गेलेल्या आपल्या माणसांची चरित्रे पुन्हा एकवार चाळली. त्यांतून जे हाती लागले ते येथे देत आहो.

नरसीच्या माणसास दूरदेशी जाण्याचे नवल वाटू नये. कयाधूच्या काठचे हे गाव परंपरेने संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते आणि नामदेव तर महाराष्ट्र ओलांडून थेट पंजाबात घुमान येथे जाऊन राहिले. त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात समाविष्ट आहेत. परक्या मुलखाने त्यांस किती आपले मानिले, याची याहून मोठी साक्ष कोणती द्यावी? २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन त्याच घुमानास भरले होते. परंतु नामदेव प्रथम त्या मुलखात पोहोचले, तेव्हा कोणी त्यांस ओसरीवर जागा दिली, पहिली भाकरी कोणाच्या घरची खाल्ली, भाषा कळेना तेव्हा त्यांनी काय केले, हे कोणी लिहून ठेविलेले नाही. मोठ्या माणसांचे पहिले दिवस असेच हरवून जातात.

एका मराठी मुलीचे पहिले दिवस मात्र पुष्कळसे आपल्या हाती राहिले आहेत. कारण ती पत्रे लिहीत असे व ती जपून ठेवणारी माणसे तिला मिळाली. ती म्हणजे आनंदीबाई जोशी. कॅरोलाइन डॉल या अमेरिकन बाईंनी १८८८ साली इंग्रजीत तिचे चरित्र प्रसिद्ध केले व पुढे काशीबाई कानिटकर यांनी मराठीत लिहिले. तिचे नाव तुम्ही सर्वांनी ऐकले आहे. वैद्यकाची पदवी घेऊन आलेली पहिली मराठी स्त्री, इतके एक वाक्य परीक्षेपुरते तुम्हांस पाठ असते. त्या वाक्याच्या आधीचे काही महिने आपण पाहू.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. चौदाव्या वर्षी त्यांस मूल झाले व ते दहा दिवसांत गेले. वेळेवर योग्य औषधोपचार मिळाला असता तर ते वाचले असते, हे दुःख त्यांच्या मनात खोल गेले आणि त्यातूनच डॉक्टर होण्याचा निश्चय झाला. पती गोपाळराव पोस्टखात्यात नोकरीस होते. पत्नीच्या शिक्षणासाठी त्यांनी कोल्हापूर येथे पूर्वी मिशनरी असलेले रेव्हरंड वाइल्डर यांच्याशी पत्रव्यवहार केला. वाइल्डरसाहेबांनी तो अमेरिकेतील आपल्या मासिकात छापला व सोबत आपले उत्तरही छापले. उत्तराचा मथितार्थ असा, की या उभयतांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारावा, म्हणजे साहाय्याचा विचार करता येईल.

येथे आम्हांस क्षणभर थांबणे भाग आहे. आम्ही ख्रिस्ती आहो, मिशनच्या शाळेत शिकलो व मिशनच्याच शाळेत शिकवितो. मिशनने या देशातील किती मुलामुलींच्या हाती पाटी दिली हे आमच्याइतके कोणास ठाऊक असणार? तथापि विद्येच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसास आधी धर्म बदल असे सांगणे आमच्या प्रभूच्या शिकवणीस धरून नव्हते, असे आमचे स्पष्ट मत आहे. येशूने आजाऱ्यांस बरे केले तेव्हा आधी अट घातली नाही.

पुढे जे घडले ते मोठे विलक्षण आहे. न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर नावाच्या बाई दात दाखविण्यासाठी दंतवैद्याकडे गेल्या असता, बसल्या बसल्या त्यांनी तेथे पडलेला तो मासिकाचा अंक उघडला. त्यांनी ते पत्र वाचिले आणि तिकडच्या त्या अनोळखी मुलीस स्वतः पत्र लिहिले. ही १८८० सालची गोष्ट. त्यापुढे तीन वर्षे दोघींची पत्रे चालली. आनंदीबाई त्यांस मावशी म्हणू लागल्या. हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. कारण १८८३ साली आनंदीबाई निघाल्या, तेव्हा ज्या अफाट देशास त्या चालल्या होत्या त्यात त्यांस ओळखणारे एक तरी घर अगोदरच तयार झालेले होते. दागिने विकून प्रवासाची तजवीज झाली. निघण्यापूर्वी २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या बाप्टिस्ट कॉलेजच्या सभागृहात त्यांनी भाषण केले. (हे श्रीरामपूर बंगालमधले, आपले अहमदनगरकडचे नव्हे.) अमेरिकेस का जाता, एकट्या का जाता, जातीने वाळीत टाकिले तर काय कराल, अशा लोकांच्या प्रश्नांस त्यांनी एकेक करून उत्तर दिले, आणि आपण हिंदू म्हणून जात आहो व हिंदू म्हणूनच परत येऊ, असेही सांगून टाकिले. ऐकणाऱ्यांत मिशनरी मंडळी होती, हे त्यांस दिसत होते. एका मिशनरी संस्थेच्या सभागृहात अठराव्या वर्षी हे बोलून दाखविणे सोपे नव्हते. आणि त्या संस्थेने आपले सभागृह त्यासाठी दिले, हेही नमूद केले पाहिजे.

७ एप्रिल रोजी 'सिटी ऑफ कलकत्ता' या बोटीने त्यांनी कलकत्ता सोडिले व ४ जून रोजी त्या न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरल्या. म्हणजे ५८ दिवस. बरोबर पती नव्हता, आप्त नव्हता. सोबत होती ती मिशनरी बाईंची. धक्क्यावर कार्पेंटरबाई वाट पाहत उभ्या होत्या. दोघींनी एकमेकींस पूर्वी कधी पाहिलेले नव्हते.

कॉलेज सुरू होण्यास अद्याप चार महिने होते आणि हेच आनंदीबाईंचे मोठे भाग्य ठरले, असे आम्हांस वाटते. त्या थेट शहरात गेल्या नाहीत. तो सबंध उन्हाळा त्या रोझेलच्या घरात घरच्या मुलीसारख्या राहिल्या. आपले सण, आपल्या चालीरीती त्या घरच्या माणसांस समजावून सांगाव्या, त्यांच्या आपण शिकून घ्याव्या, असा क्रम चालला. एकदा तर त्यांनी तिकडच्या बायकांस लुगडी नेसवून, कुंकू लावून, आपल्या पद्धतीने जमिनीवर बसवून जेवू घातले. त्या मडमांची मांडी घालताना कशी तिरपीट उडाली असेल याची कल्पना वाचकांनीच करावी! परंतु या गमतीत एक मर्म आहे. नवख्या माणसास सदैव घेणाऱ्याच्याच जागी बसावे लागते. त्या दिवशी आनंदीबाई यजमानीण झाल्या. परक्या ठिकाणी आपल्या हातचे काही दुसऱ्यास देता आले, म्हणजे परकेपण निम्मे सरते. त्या अर्थी आजीचे धपाटे घेऊन जाण्यास आमची काहीच हरकत नाही, विमानकंपनीची नसली म्हणजे झाले.

त्याच जून महिन्यात आनंदीबाईंनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक कॉलेजास अर्ज केला. हे कॉलेज १८५० साली केवळ स्त्रियांकरिता स्थापन झालेले होते व त्या वेळी रेचल बॉडली या तेथील डीन होत्या. अर्जात आनंदीबाईंनी आपले शिक्षण कॉलेजच्या अपेक्षेइतके नसेल हे लपविले नाही. मात्र ज्या स्त्रिया पुरुष डॉक्टरपुढे दुखणे सांगण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्याकरिता आपण हे शिकू इच्छितो, असे त्यांनी लिहिले. कॉलेजने प्रवेश दिला व शिष्यवृत्तीही देऊ केली. धर्माची अट घातली नाही.

आता वस्त्राचा प्रश्न. आपल्याकडील नऊवारी लुगड्यात पोटऱ्या उघड्या राहतात. येथे त्याचे कोणास काही वाटत नाही; पण पेनसिल्व्हेनियाच्या हिवाळ्यात थंडी पोटरीपासून चढते, आणि शिवाय तिकडच्या समाजात उघडी पोटरी म्हणजे मोठीच अमर्यादा. तिकडचा झगा घालावा तर घरी गहजब होणार. आनंदीबाईंनी मधला मार्ग काढिला. त्या आत परकर घालून गुजराती पद्धतीने पातळ नेसू लागल्या. अंग झाकले गेले व वस्त्र आपलेच राहिले. गोपाळरावांस मात्र त्यांनी ही गोष्ट लगेच कळविली नाही. गोपाळराव बायकोला शिकविण्याच्या ध्यासाने जग पालथे घालणारे गृहस्थ खरे, परंतु त्यांची पत्रे नेहमीच गोड नसत. तुझे वळण बदलले, अशा अर्थाचे टोचून लिहिणे त्यांत असे. घरापासून इतक्या दूर असलेल्या मुलीस महिनोन्‌महिन्यांनी एक पत्र यावे व त्यात बोल लावलेला असावा! पालकहो, आपला मुलगा आता रोज रात्री दूरध्वनीवर दिसतो, हे खरे. पण तो दिसल्याबरोबर आपण त्यास प्रथम काय विचारतो, याचा विचार करून पाहावा.

वस्त्र कोणते सोडावे, अन्न कोणते सोडावे, हा प्रश्न काही आनंदीबाईंपासून सुरू झाला नाही. पवित्र शास्त्रात दानीएलाच्या पुस्तकाचा पहिला अध्याय वाचा. यरुशलेमेहून बाबेलास नेलेल्या चार तरुणांची ती हकीकत आहे आणि ती जवळजवळ आजच्या विद्यार्थ्यांसच लागू पडते. तीन वर्षांचा अभ्यासक्रम, परकी भाषा, राजाच्या खर्चाने भोजन, आणि नावेसुद्धा बदललेली. दानीएलाने नवे नाव घेण्यास विरोध केल्याचे शास्त्रात नाही. खास्द्यांची विद्या व भाषा तो मन लावून शिकला. अडला तो केवळ राजाच्या ताटापाशी. आणि तेथेही त्याने भांडण मांडिले नाही, तर कारभाऱ्याकडे जाऊन दहा दिवस आम्हांस शाकान्न व पाणी देऊन पाहा, अशी विनंती केली. काय द्यावे व काय राखावे याचा त्याने आधी मनाशी निर्णय केला होता आणि मग तोंड उघडून मागितले. आम्हांस ही कथा वर्गात सांगताना मुले सिंहाच्या गुहेची वाट पाहत असतात. पण आमच्या मते पहिला अध्यायच अधिक उपयोगी आहे.

पंडिता रमाबाईंची गोष्ट याच सालची. १८८३ च्या त्याच एप्रिल महिन्यात त्या आपल्या लहानग्या मनोरमेस घेऊन इंग्लंडास निघाल्या व वाँटेज गावी ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहिल्या. त्यांस वैद्यक शिकावयाचे होते. पण ऐकू कमी येऊ लागल्याने तो बेत सोडावा लागला. बरोबर आलेली सखी काही महिन्यांतच दुःखद रीतीने मरण पावली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. आम्हां ख्रिस्ती लोकांस हा आनंदाचा दिवस. तथापि धर्म स्वीकारला म्हणून रमाबाईंनी आपले सर्व काही टाकिले असे कोणी समजू नये. अंडे घातलेला पदार्थ त्या खात नसत, व यावरून भगिनींशी त्यांची कुरबुर होई. क्रुसावर लॅटिन अक्षरे असावीत असे सुचविले गेले तेव्हा, आमच्या बायकांस न कळणारी लॅटिन आमच्या संस्कृतपेक्षा कोणत्या गुणाने श्रेष्ठ, असा त्यांनी उलट सवाल केला. एक हिंदू राहिली, एक ख्रिस्ती झाली. परंतु ताटावरून व वस्त्रावरून दोघींस सारखेच झगडावे लागले.

आनंदीबाई शरदाच्या आरंभी फिलाडेल्फियास गेल्या. रोझेलचे घर सुटले व खऱ्या अर्थाने परकी नगरी सुरू झाली. त्यांस मिळालेल्या खोलीतील शेकोटीची रचना सदोष होती. विस्तव पेटविला की खोली धुराने भरून जाई, न पेटविला तर हिवाने हातपाय आखडत. धूर घ्यावा किंवा थंडी घ्यावी, एवढीच निवड. अशा जागेत त्यांचे बरेच दिवस गेले. पुढे खोकला, ताप व अधूनमधून घेरी सुरू झाली. अभ्यास मात्र त्यांनी कधी चुकविला नाही. ११ मार्च १८८६ रोजी त्यांस पदवी मिळाली, व त्या समारंभास पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या. कोल्हापूर संस्थानाने त्यांस आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातील स्त्रियांच्या विभागावर नेमिले. परंतु घरी परतल्यावर थोड्याच महिन्यांत, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, क्षयाने पुण्यात त्यांचा अंत झाला. वय बावीसही पूर्ण नव्हते.

त्या खोलीनेच त्यांचा बळी घेतला असे आम्ही म्हणत नाही. क्षय धुराने होत नाही; तो जंतूने होतो आणि तो जंतू डॉ. कॉख यांनी आदल्याच वर्षी, १८८२ साली, जगापुढे मांडिला होता. त्यावरील पहिले गुणकारी औषध स्ट्रेप्टोमायसिन सापडण्यास १९४३ साल उजाडले. परंतु धुराने पोळलेली छाती व थंडीने खंगलेले शरीर रोगाशी काय झुंजणार? आमचे मन राहून राहून एकाच गोष्टीकडे जाते. भर सभेत उभे राहून सर्व समाजास उत्तर देणारी ही मुलगी. तिला जागा बदलून द्या म्हणून हट्ट धरणे जड गेले असेल काय? शिष्यवृत्तीवर शिकणारा मनुष्य आपली गैरसोय सांगण्यास भितो. मिळाले आहे तेच पुष्कळ, तक्रार केली तर कृतघ्न म्हणतील, असे त्याला वाटते.

हे आम्ही पुस्तकावरून बोलत नाही. पूर्वी आम्ही एका वसतिगृहाची देखरेख पाहत असू. एका जून महिन्यात खेड्यातून एक लहान मुलगा दाखल झाला. त्याची खाट ज्या कोपऱ्यात लावली होती तेथे कौल फुटलेले होते. पावसाची झड लागली. मुलगा रोज रात्री अंथरूण गुंडाळून भिंतीशी उकिडवा बसून राही व सकाळी पुन्हा अंथरूण पसरून ठेवी, की कोणास कळू नये. नवव्या दिवशी तापाने फणफणला तेव्हा आम्हांस कळले. "का रे सांगितले नाहीस?" असे विचारता तो म्हणाला, "सर, मला वाटलं, फी माफ हाय तर जागा अशीच असंल." कौल आम्ही त्याच दिवशी बदलून घेतले, परंतु रोज रात्री कंदील घेऊन फेरी घालणारे आम्ही, आम्हांस त्या आठ रात्री काहीच कसे दिसले नाही, याचे उत्तर आम्हांपाशी अजून नाही. तेव्हापासून नवीन मुलगा आला की आठवडाभर आम्ही त्याच्या खाटेवर हात फिरवून पाहतो.

याउलट डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण घ्या. बडोद्याचे महाराज सयाजीराव यांची शिष्यवृत्ती घेऊन १९१३ च्या जुलैत ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. वय बावीस. प्रथम हार्टले हॉल या वसतिगृहात उतरले. परंतु तेथील अन्न, विशेषतः नीट न शिजलेले गोमांस, त्यांस मानवेना. ते थोड्याच दिवसांत तेथून निघाले, कॉस्मॉपॉलिटन क्लबात राहिले आणि पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भाथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर एका खोलीत राहू लागले. ज्या देशात त्यांस शाळेत पाण्याच्या भांड्यास हात लावू देत नसत, त्या देशातून आलेला हा विद्यार्थी. मिळेल ते निमूट सोसण्याचीच शिकवण समाजाने त्यास जन्मभर दिलेली; तरी परक्या शहरात राहण्याची जागा पटेना, तेव्हा त्याने ती बदलली. भाथेनांशी जडलेली मैत्री पुढे जन्मभर टिकली. विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांच्या पत्रात १९३० साली लिहिताना बाबासाहेबांनी आपल्या उत्तम स्नेह्यांत कोलंबियातील सोबत्यांचा व डुई, सेलिग्मन आदी गुरुजनांचा समावेश केला आहे. दोन उदाहरणांची तुलना करताना न्यायही केला पाहिजे. बावीस वर्षांच्या पुरुषास न्यूयॉर्कात जागा शोधणे आणि अठरा वर्षांच्या परदेशी स्त्रीस १८८३ च्या फिलाडेल्फियात जागा शोधणे, यांत महदंतर आहे. आनंदीबाईंस दोष देण्याचा आमचा हेतू नाही. असलाच तर तो ज्यांनी ती खोली नेमून दिली व पुन्हा डोकावून पाहिले नाही त्यांच्याकडे जातो.

नरसीच्या त्या मुलाचे विमान ठरल्या दिवशी सुटले. धपाटे गेले, बुक्क्याची पुडीही गेली. आम्ही त्यास निघण्यापूर्वी एक पत्र लिहिले व त्यात वरील सर्व हकीकत थोडक्यात कळविली. शेवटी लिहिले की पोहोचल्यावर विद्यापीठाच्या इमारतीची छायाचित्रे पाठविण्याची घाई नको. खोलीत ऊब आहे की नाही व सोबती कोण आहे, हे आधी वडिलांस कळव. पंधरा दिवसांनी वडील आम्हांस बाजारात भेटले. म्हणाले, पोरानं दुसऱ्याच दिवशी खोली बदलून मागितली, खिडकी लागत नव्हती म्हणे. त्यांच्या चेहऱ्यावर थोडी काळजी होती, की मुलगा तेथे भांडखोर तर ठरणार नाही ना. आम्ही त्यांस म्हटले, "दादा, बरं केलं त्यानं."

आनंदीबाईंच्या अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे अमेरिकेस पाठविल्या. न्यूयॉर्क प्रांतात पोकिप्सी येथे कार्पेंटर घराण्याच्या स्मशानभूमीत, त्या घरच्याच माणसांच्या शेजारी, त्या पुरल्या आहेत व वर त्यांच्या नावाचा दगड आहे.